विश्लेषण : दोर तुटलेला नसताना प्रशिक्षक तो का सोडतात? ग्लायडर वैमानिकांच्या तपासणी उड्डाणातील आणीबाणीचा सराव

ओढणाऱ्या विमानामागे दोराने बांधलेले ग्लायडर चढत असते. उंचीमापकाचा काटा जमिनीपासून २५० फुटांवर आलेला असतो. पुढच्या आसनावर परवाना असलेला, कित्येक वर्षे उडणारा वैमानिक असतो आणि मागच्या आसनावर प्रशिक्षक. तेवढ्यात ‘खट्’ असा आवाज होतो, समोरचा ताणलेला दोर नाहीसा होतो आणि ओढणारे विमान एकटेच पुढे निघून जाते. ग्लायडरला इंजिन नाही, उंची जेमतेम आहे आणि धावपट्टी मागे पडली आहे.

प्रत्यक्षात दोर तुटलेला नसतो. मागे बसलेल्या प्रशिक्षकाने दोर सोडण्याची पिवळी मूठ ओढलेली असते. पुढच्या काही सेकंदांत वैमानिक काय करतो, हे त्याला पाहायचे असते.

हा सराव वरकरणी अघोरी वाटतो. संकट टाळायचे सोडून ते मुद्दाम ओढवून का घ्यायचे? शिवाय ज्याला परवाना मिळून दहा वर्षे झाली, त्याच्याकडूनही तो पुन्हा का करून घ्यायचा?

ग्लायडर हवेत जाते कसे?

ग्लायडर एकदा उंचावर पोहोचले की तापलेल्या हवेच्या झोतांवर ते तासन् तास तरंगू शकते. पण तिथवर पोहोचायला त्याला दुसऱ्याची मदत लागते. त्याच्या दोन पद्धती प्रामुख्याने रूढ आहेत.

पहिली पद्धत विमानाने ओढून नेण्याची. इंजिन असलेले छोटे विमान लांब दोराने ग्लायडरला मागे बांधून उडते आणि साधारण दोन-तीन हजार फुटांवर नेऊन सोडते. अमेरिकेत हीच पद्धत सर्वाधिक वापरली जाते.

दुसरी पद्धत विंचची. मैदानाच्या एका टोकाला शक्तिशाली इंजिनावर चालणारे मोठे रीळ असते. सुमारे एक किलोमीटर लांबीचा दोर दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या ग्लायडरला अडकवतात आणि रीळ वेगाने फिरवून तो गुंडाळतात. दोरीने ओढलेला पतंग वर चढावा तसे ग्लायडर नाक वर करून चढते आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात हजार फुटांच्या आसपास पोहोचते. ब्रिटन आणि जर्मनीत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. पुण्यातल्या हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमुळे ती महाराष्ट्रातही अपरिचित नाही.

दोन्ही पद्धतींत सुरुवातीचे अर्धे मिनिट सर्वांत नाजूक असते. उंची कमी, वेग बेताचा आणि पुढे जाण्याची सगळी ताकद दुसऱ्याच्या हाती.

दोर तुटतो तरी का?

दोर अतिशय मजबूत असावा, असे कोणालाही वाटेल. पण फार मजबूत दोरही धोक्याचा ठरतो. जोराचा हिसका बसला तर दोराऐवजी ग्लायडरचा किंवा ओढणाऱ्या विमानाचा सांगाडाच मोडू शकतो. त्यामुळे अमेरिकी नियमानुसार दोराची ताकद ग्लायडरच्या कमाल मान्य वजनाच्या किमान ८० टक्के असावी लागते आणि ती त्या वजनाच्या दुपटीहून जास्त असून चालत नाही. दोर याहून मजबूत असेल, तर त्यात ठरावीक ताणाला तुटणारी कमकुवत कडी बसवावी लागते. विंचच्या दोरातही अशी कडी असते. ग्लायडरच्या प्रकारानुसार तिचे रंग ठरलेले असतात. म्हणजे गरज पडल्यास दोर तुटावा, अशी व्यवस्था माणसानेच करून ठेवलेली असते.

दोर तुटणे हा आणीबाणीचा एक प्रकार झाला. ओढणाऱ्या विमानाचे इंजिन बंद पडू शकते. विंचची ताकद हळूहळू कमी होऊ शकते. ग्लायडरची काचेची झडप उघडू शकते किंवा त्याच्या पंखांवरचे एअरब्रेक नकळत उघडे राहू शकतात. क्वचित याच्या उलटही होते. वैमानिक मूठ ओढतो, पण दोर सुटतच नाही.

तपासणी उड्डाणात काय पाहतात?

अमेरिकेत ग्लायडर वैमानिकाचा परवाना एकदा मिळाला की त्याची मुदत संपत नाही. मात्र तिथल्या नागरी उड्डाण नियमांप्रमाणे दर २४ महिन्यांत प्रशिक्षकाबरोबर उजळणी पूर्ण करावी लागते. तशी नोंद झालेली नसेल, तर वैमानिकाला विमानाचा प्रमुख म्हणून उडता येत नाही. या उजळणीत किमान एक तास जमिनीवरची चर्चा आणि एक तास उड्डाण अपेक्षित असते. ग्लायडरची एकेक फेरी बऱ्याचदा काही मिनिटांचीच असते. त्यामुळे तासभराच्या उड्डाणाऐवजी प्रशिक्षकाबरोबरच्या तीन फेऱ्या चालतात.

या उजळणीत नेमके काय करून घ्यायचे, ते नियमाने बरेचसे प्रशिक्षकावर सोपवले आहे. दोर तुटण्याचा सराव विद्यार्थ्याला पहिल्या एकट्या उड्डाणाआधीच शिकवावा लागतो आणि परवान्याच्या परीक्षेतही तो असतो. पण नंतरच्या उजळणीत तो घ्यायचा की नाही, किती उंचीवर घ्यायचा आणि आधी सांगून घ्यायचा की न सांगता, हे प्रशिक्षक ठरवतो.

अनेक प्रशिक्षक हा सराव आवर्जून घेतात. बहुतेक वैमानिक वर्षानुवर्षे उडतात आणि त्यांचा दोर एकदाही तुटत नाही. उतरण्याचा सराव प्रत्येक उड्डाणात आपोआप होतो, तसा या प्रसंगाचा होत नाही. म्हणून तो मुद्दाम घडवून आणावा लागतो.

२०० फुटांचा आकडा कुठून आला?

विमानामागून उडताना ग्लायडर वैमानिक २०० फूट उंची गाठली की मोठ्याने ‘दोनशे’ असे म्हणतो. अमेरिकी क्लबांमध्ये ही सवय मुरलेली आहे. २०० फूट म्हणजे सुमारे ६० मीटर, साधारण वीस मजली इमारतीची उंची. या उंचीखाली दोर गेला तर समोर, फार तर थोडे डावी-उजवीकडे वळून, मिळेल त्या जागी उतरायचे. त्याच्या वर असेल तर मागे वळून धावपट्टीवर परतण्याचा विचार करता येतो. असा हा ढोबळ नियम आहे.

हिशेब करून पाहिला तर तो का, ते कळते. ग्लायडर ताशी १०० किलोमीटर वेगाने ४५ अंश कलून वळत असेल, तर वळणाची त्रिज्या सुमारे ८० मीटर येते आणि अर्धवर्तुळाला ९ सेकंद लागतात. ३० अंशच कलले तर त्रिज्या १३५ मीटरवर जाते आणि वेळ १५ सेकंदांवर. आधुनिक ग्लायडर इतक्या वेळात फार उंची गमावत नाही. मग ६० मीटर म्हणजे भरपूरच झाले की, असे वाटू शकते.

पण अर्धवर्तुळ संपते तेव्हा ग्लायडर धावपट्टीच्या रेषेवर नसते, तिच्यापासून सुमारे १६० मीटर बाजूला असते. रेषेवर येण्यासाठी आणखी वळावे लागते आणि मग उलट वळून सरळ व्हावे लागते. सगळे मिळून १८० ऐवजी जवळपास २७० अंशांचे वळण होते. त्याआधी काय झाले ते समजण्यात दोन-तीन सेकंद गेलेले असतात. नाक खाली करून वेग सांभाळण्यातही उंची खर्च होते. शिवाय दोन आसनी प्रशिक्षण ग्लायडरचे पंख १७ मीटरच्या आसपास पसरलेले असतात. ४५ अंश कलताना खालच्या पंखाचे टोक वैमानिकाच्या सुमारे सहा मीटर खाली असते. तेव्हा वळण संपताना पुरेशी उंची शिल्लक असणे भाग असते.

म्हणून २०० फुटांचा आकडा सगळीकडे सारखाच लागू पडत नाही. ग्लायडर जुने आणि लवकर खाली येणारे असेल, वारा अडचणीचा असेल किंवा दिवस उष्ण असल्याने चढाई मंद असेल, तर तो वाढतो. समोर सपाट शेत असेल, तर २५० फुटांवरही सरळ उतरणेच शहाणपणाचे ठरते.

वळताना चूक कुठे होते?

मागे वळायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, डावीकडे की उजवीकडे. आडवा वारा असेल तर ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला वळायचे. मग वळण घेताना वारा ग्लायडरला धावपट्टीकडे ढकलतो. उलट बाजूला वळले तर तोच वारा त्याला धावपट्टीपासून दूर नेतो आणि वळण आणखी लांबते.

दुसरी चूक वेगाची. दोर सुटताच ओढणारी ताकद जाते, पण नाक चढाईच्याच स्थितीत असते. ते लगेच खाली केले नाही तर वेग झपाट्याने उतरतो. कलून वळताना पंखांना जास्त भार पेलावा लागतो. ४५ अंशांच्या वळणात पंखांची उचल ज्या वेगाला तुटते, तो वेग सरळ उड्डाणापेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. अशा वेळी जमीन जवळ दिसते, म्हणून वैमानिक कलायला कचरतो आणि शेपटीच्या सुकाणूने, म्हणजे रडरने, नाक वळवू पाहतो. त्याच वेळी नकळत नाकही वर धरतो. कमी वेगात हे दोन्ही एकत्र आले की एका पंखाची उचल आधी जाते आणि ग्लायडर गरगरत खाली येते. एवढ्या उंचीवर त्यातून सावरायला जागा नसते.

तिसरी चूक शेवटी होते. मागे वळून उतरणे म्हणजे वाऱ्याच्या दिशेने उतरणे. समजा हवेतला वेग ताशी ९५ किलोमीटर आहे आणि वारा ताशी १५ किलोमीटर आहे. नेहमी समोरून वारा घेत उतरताना जमिनीवरचा वेग ८० असतो. आता तो ११० होतो. जमीन नेहमीपेक्षा वेगाने सरकताना दिसते, म्हणून ‘आपण फार वेगात आहोत’ असे वैमानिकाला वाटते आणि तो वेग कमी करू लागतो. प्रत्यक्षात हवेतला वेग नेहमीइतकाच असतो आणि तो कमी करणे घातक असते. टेकल्यावर थांबवायची गतिज ऊर्जाही जवळपास दुप्पट असते. त्यामुळे धावपट्टी अपुरी पडू शकते.

या तिन्ही गोष्टी पुस्तकात वाचून समजतात. पण जमीन अंगावर येत असताना डोळ्यांवर विश्वास न ठेवता वेगमापकाकडे पाहायचे, ही सवय हवेतच लागते.

विंचवर गणित वेगळे का?

विंचने चढताना ग्लायडरचे नाक सुमारे ४५ अंश वर असते. त्या स्थितीत दोर तुटला की ग्लायडरचा वेग दर सेकंदाला ताशी सुमारे २५ किलोमीटरने कमी होतो. चढाईचा वेग ताशी १०० ते ११० असेल आणि उचल तुटण्याचा वेग ६५ च्या आसपास असेल, तर वैमानिकाच्या हातात दोन सेकंदांहून फारसे जास्त काही नसते.

म्हणून विंचवरची पहिली कृती ठरलेली असते. दांडी पुढे ढकलून नाक खाली आणायचे आणि उतरताना जसे असते तसे ठेवायचे. त्यानंतर थांबायचे. नाक खाली आले म्हणजे वेग आला असे होत नाही, तो यायला आणखी काही क्षण लागतात. त्याआधी वळायचे नाही आणि एअरब्रेकही उघडायचे नाहीत. वेग उतरण्यास योग्य झाला की समोर जागा आहे का ते पाहायचे. असेल तर सरळ उतरायचे, नसेल तरच वळायचे.

इथे आणखी एक फसवणूक असते. नाक झटकन खाली करताना झोका खाली येताना होते तशी पोटात पोकळी जाणवते. काही वैमानिकांना ही जाणीव म्हणजे ग्लायडर कोसळण्याची सुरुवात वाटते आणि ते दांडी आणखी पुढे ढकलतात. ही प्रतिक्रिया कोणाची किती तीव्र आहे, हे प्रशिक्षकाला जमिनीवर बसून कळत नाही. ते सुरक्षित उंचीवरच्या सरावात दिसते.

ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनने विंचवरच्या अपघातांचा अभ्यास करून २००५ मध्ये सुरक्षित विंच उड्डाणाची मोहीम हाती घेतली. तिचा भर नवी यंत्रे आणण्यावर नव्हता. पंख समतोल ठेवता येत नसेल तर तो जमिनीला टेकण्याआधी दोर सोडा, सुरुवातीलाच झटक्याने नाक वर करू नका, दोर तुटला तर वेग येईपर्यंत थांबा, अशा मोजक्या सूचना प्रत्येक क्लबपर्यंत पोहोचवून त्यांचा सराव वाढवण्यावर तो होता. त्यानंतरच्या वर्षांत विंचवरचे गंभीर अपघात लक्षणीयरीत्या कमी झाले.

इशारा चुकीचा समजला तर?

काही वेळा आणीबाणी नसतेच, ती समजुतीच्या चुकीतून तयार होते. विमानामागून उडताना दोन्ही वैमानिक हालचालींनी एकमेकांना इशारे देतात. ओढणाऱ्या विमानाने पंख डावी-उजवीकडे हलवले तर त्याचा अर्थ ‘ताबडतोब दोर सोड’ असा असतो. विमानाने रडर हलवून फक्त शेपूट डोलावली तर त्याचा अर्थ ‘तुझ्या ग्लायडरमध्ये काहीतरी गडबड आहे, तपास’ असा असतो. ही गडबड बहुतेकदा उघड्या राहिलेल्या एअरब्रेकची असते.

या दोन इशाऱ्यांत घोटाळा झाल्याने अपघात झालेले आहेत. शेपूट डोललेली दिसताच घाबरलेला वैमानिक कमी उंचीवर दोर सोडून देतो. एअरब्रेक अजून उघडेच असतात. त्यामुळे ग्लायडर अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने खाली येते. एअरब्रेक बंद करून चढत राहिला असता, तर काहीच बिघडले नसते. म्हणून तपासणी उड्डाणात काही प्रशिक्षक दोर सोडण्याऐवजी ओढणाऱ्या वैमानिकाला शेपूट डोलवायला सांगतात. त्या वेळी समोरच्याचा हात कोणत्या मुठीकडे जातो, ते पाहिले जाते. एअरब्रेकची मूठ निळी असते आणि दोर सोडण्याची पिवळी.

सरावच धोक्याचा ठरला तर?

हा आक्षेप खरा आहे. दोर तुटल्याचा बहाणा करून घेतलेल्या सरावातच ग्लायडर मोडल्याची उदाहरणे अमेरिकेतल्या अपघात चौकशीच्या अहवालांत सापडतात. कारण खोटी आणीबाणी दोर सुटताक्षणी खरी होते. तो पुन्हा जोडता येत नाही.

त्यामुळे मूठ ओढण्याआधी प्रशिक्षकाने काही गोष्टी पाहणे अपेक्षित असते. उंची आणि वारा लक्षात घेता समोरच्याने उशीर केला, तरी सावरण्याइतकी जागा उरायला हवी. मागच्या धावपट्टीवर दुसरे ग्लायडर उभे नसावे. आज असा सराव होणार, हे ओढणाऱ्या विमानाच्या किंवा विंचच्या चालकाला ठाऊक असावे. चूक दिसली तर दांडी कधी हातात घ्यायची, ती मर्यादाही प्रशिक्षकाने मनात पक्की केलेली असावी. ‘बघू या, सावरतो का’ म्हणून एक सेकंद जास्त थांबणारा प्रशिक्षक स्वतःही त्याच ग्लायडरमध्ये बसलेला असतो.

अगदी कमी उंचीवरचे आणि फार विरळ प्रसंग हवेत करून पाहण्यात शहाणपण नसते. ग्लायडर आणि विमान दोन्हीकडून दोर न सुटणे हा त्यातलाच प्रकार. त्यांची चर्चा जमिनीवर होते. संगणकावरचे ग्लायडर सिम्युलेटरही आता त्यासाठी वापरले जातात. रडरने ओढलेल्या वळणातून ग्लायडर कसे गरगरते, ते तीन हजार फुटांवर दाखवता येते, तिथे सावरायला भरपूर वाव असतो.

सांगून घ्यायचा की न सांगता, यावर प्रशिक्षकांत मतभेद आहेत. सांगितले तर वैमानिक सज्ज बसतो आणि खऱ्या प्रसंगातला धक्का त्यात नसतो. न सांगता घेतले तर धक्का बसतो, पण जोखीमही वाढते. मधला मार्ग असा की तीन फेऱ्यांपैकी कुठल्या तरी फेरीत दोर जाईल एवढेच सांगायचे, कोणत्या ते सांगायचे नाही.

खरी परीक्षा कधी सुरू होते?

ही परीक्षा २५० फुटांवर सुरू होत नाही. ग्लायडर जमिनीवर उभे असतानाच ती सुरू झालेली असते. ब्रिटनमधल्या वैमानिकांची उड्डाणापूर्वीची तपासणी यादी इंग्रजी आद्याक्षरांवर बेतलेली आहे. सुकाणू, वजन, पट्टे, उपकरणे, झडप, एअरब्रेक अशा क्रमाने ती जाते. तिचे शेवटचे अक्षर असते ‘ई’, म्हणजे अकस्मात उद्भवणारे प्रसंग. इथे वैमानिकाने मोठ्याने सांगायचे असते की आज वारा कुठून आहे, या उंचीखाली दोर गेला तर कोणत्या शेतात उतरायचे, त्यावर गेला तर कोणत्या बाजूला वळायचे आणि उतरताना वेग किती ठेवायचा.

ही यादी घाईघाईत उरकणारा वैमानिक हवेत विचार करायला लागतो, तेव्हा त्याच्याकडे सेकंद उरलेले नसतात. तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच ते. ज्याने ठरवून ठेवलेले असते, त्याला हवेत नवा निर्णय घ्यावा लागत नाही, घेतलेला अमलात आणायचा असतो. नाक खाली, वेग, वाऱ्याकडे वळण आणि धावपट्टी.

म्हणूनच जाणते प्रशिक्षक तपासणी उड्डाणात दोर सोडण्याआधीच बरेच काही ओळखतात. ‘आज दीडशे फुटांवर दोर गेला तर?’ या प्रश्नाला वैमानिकाने बोट दाखवून ‘ते ज्वारीचे शेत नव्हे, त्याच्या डावीकडची मोकळी जमीन’ असे उत्तर दिले, तर पुढची फेरी बहुधा नीट पार पडते. त्याने खांदे उडवले, तर ग्लायडर जमिनीवरच थांबवून आधी बोलणे बरे.